सानियाला तिचं एकमेव सिंगल्स विजेतेपद देणारी स्पर्धा कुठे गेली?

(नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लेखी अवतार. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये, लोकलमध्ये, मेसच्या रांगेत वाचायला सोयीचं.)

आज आधी एक छोटा क्विझ. सानिया मिर्झाने तिच्या कारकिर्दीत डब्ल्यूटीएची डबल्सची विजेतेपदं किती मिळवली? ४३. बरोबर. आता सिंगल्सची किती?

एक. फक्त एक.

आणि ते एक कुठे? लंडन, न्यूयॉर्क, मेलबर्न, दुबई यांपैकी कुठेच नाही. हैदराबादमध्ये, म्हणजे तिच्या घरच्या गावात, फेब्रुवारी २००५ मध्ये. स्पर्धेचं नाव होतं एपी टुरिझम हैदराबाद ओपन. आज ही स्पर्धा अस्तित्वात नाही. सानिया जिंकली त्यानंतर ती हैदराबादमध्ये एकदाही झाली नाही. पुढच्या वर्षी बंगळुरूला गेली, तिथे तीन वर्षं चालली आणि २००८ नंतर संपली.

आजचा एपिसोड या सहा वर्षांच्या स्पर्धेवर. तुम्ही म्हणाल, बंद पडलेल्या स्पर्धेचं काय एवढं? थांबा, मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मागच्या महिन्यात माझ्या मामेबहिणीशी बोलताना एक गोष्ट कळली, त्यानंतर या स्पर्धेकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. तिची गोष्ट शेवटी सांगतो.

सुरुवात: २००३

महिलांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार डब्ल्यूटीए ही संघटना बघते. विंबल्डनसारख्या चार ग्रँड स्लॅम सोडल्या, तर वर्षभर जगभरातल्या शहरांत दर आठवड्याला ज्या स्पर्धा चालतात त्या हिच्या. तेव्हा या स्पर्धांचे दर्जे 'टिअर'मध्ये मोजायचे. टिअर १ सगळ्यात वरचा, मग २, ३, ४ असं खाली. आता ही पद्धत बदललीय; आता १०००, ५००, २५० आणि त्याखाली १२५ असं म्हणतात. आकडा जितका मोठा, तितके पॉइंट्स आणि पैसे जास्त.

२००३ मध्ये डब्ल्यूटीए टूर भारतात आली ती हैदराबादला. दर्जा टिअर ४, म्हणजे शिडीची खालची पायरी. मुख्य स्पॉन्सर आंध्र प्रदेशचं पर्यटन खातं, म्हणून नावात 'एपी टुरिझम'. (तेव्हा तेलंगणा वेगळं झालं नव्हतं, लक्षात आहे ना?) तारखाही सोयीच्या होत्या. जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपन संपते, खेळाडू मेलबर्नहून निघतात, आणि फेब्रुवारीत आशिया आणि आखाताकडच्या स्पर्धा असतात. वाटेवरच हैदराबाद.

पहिल्या वर्षी जिंकली थायलंडची तामारिन तानासुगार्न. तिच्या कारकिर्दीतलं हे पहिलं डब्ल्यूटीए सिंगल्स विजेतेपद.

त्याच वर्षी मुख्य ड्रॉमध्ये १६ वर्षांची एक स्थानिक मुलगी होती. पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या एव्ही डोमिनिकोविचकडून हरली. डब्ल्यूटीएच्या मुख्य ड्रॉमधला तिचा हा पहिलाच सामना. नाव सानिया मिर्झा.

वाइल्ड कार्ड म्हणजे नक्की काय?

इथे जरा थांबू, कारण पुढची सगळी गोष्ट या एका शब्दावर उभी आहे.

टेनिसमध्ये स्पर्धेत प्रवेश मिळतो तो रँकिंगवर. ३२ जणींचा ड्रॉ असेल तर बहुतेक जागा रँकिंगच्या यादीतून वरून खाली भरल्या जातात. काही जागा पात्रता फेरी, म्हणजे क्वालिफाइंग जिंकून येणाऱ्यांना. आणि मोजक्या जागा, तीन-चार समजा, आयोजकांच्या हातात असतात. त्या ते कोणालाही देऊ शकतात. हेच वाइल्ड कार्ड.

आता रँकिंग कशावर ठरतं? स्पर्धांत मिळवलेल्या पॉइंट्सवर. पॉइंट्स कुठे मिळतात? स्पर्धा खेळून. स्पर्धेत प्रवेश कसा मिळतो? रँकिंगवर.

कळलं ना घोळ? तुमच्यापैकी जे यंदा प्लेसमेंटला बसलेत त्यांना हे पाठ असेल. फ्रेशर पाहिजे, पण दोन वर्षांचा अनुभव असलेला. अनुभव कुठून आणू? नोकरीतून. नोकरी कशी मिळेल? अनुभव असेल तर!

या चक्रातून बाहेर पडायचे मार्ग दोनच. एक, जगभर फिरून छोट्या छोट्या स्पर्धा खेळायच्या, त्यातून थोडे थोडे पॉइंट्स गोळा करायचे. विमानाची तिकिटं, हॉटेल, कोच, सगळं आपल्या खिशातून. दुसरा, वाइल्ड कार्ड. आणि आयोजक वाइल्ड कार्ड कोणाला देतात? साहजिकच आपल्या गावच्या, आपल्या देशाच्या मुलीला. तिकिटं तिच्यामुळे खपतात, पेपरात फोटो येतो. फ्रान्स, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या मुलींना हा फायदा दरवर्षी मिळतो, कारण त्यांच्याकडे ग्रँड स्लॅमपासून खालपर्यंत भरपूर स्पर्धा आहेत. ज्या देशात स्पर्धाच नाही, तिथली मुलगी वाइल्ड कार्ड मागणार कोणाकडे?

सानियाच्या तीन फेऱ्या

आता सानियाची हैदराबादमधली वाटचाल बघा.

२००३: वाइल्ड कार्ड, पहिल्या फेरीत पराभव.

२००४: दक्षिण आफ्रिकेच्या लीझल ह्यूबरबरोबर डबल्स खेळली आणि थेट विजेतेपद. डब्ल्यूटीएमधलं तिचं पहिलं. पुढे ४३ पर्यंत गेलेल्या त्या यादीची पहिली ओळ हैदराबादची आहे.

२००५: जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत गेली. तिथे सेरेना विल्यम्सने ६-१, ६-४ हरवलं. पण ग्रँड स्लॅम सिंगल्सची तिसरी फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला म्हणून देशभर नाव झालं. मग फेब्रुवारीत घरी हैदराबादला आली. रँकिंग १३४. परत वाइल्ड कार्ड. आणि या वेळी अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. समोर युक्रेनची अल्योना बोंदारेन्को. ६-४, ५-७, ६-३. डब्ल्यूटीएचं सिंगल्स विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला!

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. मॅच आठवत नाही, खोटं कशाला बोलू. पण आमच्या चाळीत त्यानंतर बॅडमिंटनच्या रॅकेटनं टेनिस खेळणाऱ्या मुली आठवतात. नाकात नथनी घालून.

या विजयानं सानिया पहिल्या १०० मध्ये गेली, म्हणजे त्या घोळातून बाहेर पडली. मार्चमध्ये दुबईला यूएस ओपनची विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोवाला तिनं हरवलं. सप्टेंबरमध्ये यूएस ओपनची चौथी फेरी. २००७ मध्ये २७ वं रँकिंग, तिचं सर्वोत्तम.

सानियाची मेहनत, तिच्या आईवडिलांचे कष्ट, तो फोरहँड, हे सगळं आहेच. पण १६ व्या वर्षी हरायला, १७ व्या वर्षी डबल्स जिंकायला आणि १८ व्या वर्षी सिंगल्स जिंकायला घरापासून रिक्षानं जाता येईल अशी एक डब्ल्यूटीए स्पर्धा होती, हेही आहे. तीन वर्षं तेच कोर्ट, तेच गाव. पहिल्या वर्षी हरली म्हणून दार बंद झालं नाही, कारण पुढच्या वर्षी स्पर्धा परत होती. हा मुद्दा ध्यानात ठेवा.

बंगळुरूची तीन वर्षं

२००६ मध्ये स्पर्धा बंगळुरूला हलली. कब्बन पार्कमधलं टेनिस स्टेडियम. दर्जाही एक पायरी वर, टिअर ३.

२००६ ची विजेती इटलीची मारा सांतान्जेलो. २००७ ची यारोस्लावा श्वेदोवा, तेव्हा ती रशियाकडून खेळायची, नंतर कझाकस्तानकडून. अंतिम सामन्यात तिनं सांतान्जेलोलाच हरवलं. ही श्वेदोवा म्हणजे तीच, जिनं २०१२ च्या विंबल्डनला सारा एरानीविरुद्ध एक अख्खा सेट एकही पॉइंट न गमावता जिंकला. सलग २४ पॉइंट्स! यूट्यूबवर शोधा, एपिसोड संपल्यावर.

मग आलं २००८. स्पर्धा टिअर २ झाली. हैदराबादला २००५ मध्ये एकूण बक्षीस रक्कम होती १ लाख ४० हजार डॉलर. बंगळुरूला २००८ मध्ये ती झाली ६ लाख डॉलर. तीन वर्षांत चौपटीहून जास्त. आणि कोण आलं? सेरेना आणि व्हीनस, दोघी विल्यम्स बहिणी. यामागे कॅलेंडरची एक गंमत आहे. मार्चच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात इंडियन वेल्स ही मोठी स्पर्धा असते आणि बऱ्याच खेळाडूंना तिथे पोहोचायची घाई असते. पण विल्यम्स बहिणींनी २००१ नंतर इंडियन वेल्सवर बहिष्कार टाकलेला. त्यामुळे त्यांना ती घाई नव्हती.

उपांत्य फेरीत दोघी समोरासमोर. सेरेना जिंकली, ६-३, ३-६, ७-६. भारतात, कब्बन पार्कमध्ये, विल्यम्स विरुद्ध विल्यम्स, तिसऱ्या सेटचा टायब्रेक! अंतिम सामन्यात तिनं स्वित्झर्लंडच्या पॅटी श्नायडरला ७-५, ६-३ हरवलं. त्याच वर्षी पुढे ती यूएस ओपनही जिंकली.

पण एक नाव ड्रॉमध्ये नव्हतं: सानिया. भारतात खेळलं की काही ना काही वाद उभा राहतो, म्हणून बंगळुरूला खेळणार नाही, असं तिनं त्या आधी जाहीर केलं होतं. कपड्यांवरून झालेला गदारोळ, तिरंग्याशेजारच्या फोटोवरून झालेला वाद, आठवत असेल तुम्हाला. ज्या स्पर्धेनं तिला घडवलं, ती सगळ्यात मोठी झाली तेव्हा ती तिथे नव्हती. २१ वर्षांच्या मुलीला स्वतःच्याच देशात खेळणं नको वाटावं, हे वाचताना मला आजही कसंतरी होतं.

२००८ नंतर स्पर्धा परत झाली नाही. कोलकात्याची सनफीस्ट ओपन, जिथे मिस्किना, हिंगिस आणि किरिलेन्को जिंकल्या होत्या, ती त्याआधीच २००७ ला संपली होती. म्हणजे २००५, २००६, २००७ अशी तीन वर्षं आपल्याकडे महिलांच्या दोन-दोन टूर स्पर्धा होत्या आणि २००९ मध्ये एकही उरली नाही.

स्पर्धा मरते म्हणजे काय होतं?

स्टेडियम तर तिथेच असतं. कोर्ट, लाइट्स, खुर्च्या सगळं जागेवर. मग जातं काय?

टेनिस स्पर्धा म्हणजे तीन गोष्टी एकत्र: कॅलेंडरमधला एक आठवडा, तो वापरायचा परवाना आणि बक्षिसाच्या रकमेची हमी. आठवडे मोजके, मागणारी शहरं खूप. ज्याच्याकडे परवाना आहे तो स्पर्धा एका गावातून दुसऱ्या गावात नेऊ शकतो, जशी हैदराबादहून बंगळुरूला गेली. आणि पैसा? ग्रँड स्लॅमसारखे टीव्हीचे हक्क छोट्या स्पर्धेला मिळत नाहीत, तिकिटांवर भागत नाही. बहुतेक भार एका मुख्य स्पॉन्सरवर. आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. एक खांब हलला की अख्खा मांडव खाली.

त्यात २००८ च्या शेवटी काय वातावरण होतं बघा. जगभर मंदी आलेली, नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झालेला, आणि २००९ पासून डब्ल्यूटीएनं टिअर पद्धत मोडून सगळं कॅलेंडर नव्यानं मांडलेलं. महागडी झालेली स्पर्धा टिकवायला याहून वाईट वर्ष शोधून सापडलं नसतं.

पुरुषांच्या बाबतीतही आपण हे बघितलंय. चेन्नईची एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये आपल्या पुण्यात आली, महाराष्ट्र ओपन म्हणून बालेवाडीला रंगली आणि २०२३ नंतर थांबली. माझ्या ऑफिसमधले कितीतरी जण तिकिटं काढून गेले होते. आता बालेवाडीला गेलं की विचारतात, यंदा कधी आहे? नाही राव, संपली ती.

विजेत्यांची यादी परत वाचा

या एपिसोडची तयारी करताना मी विजेत्यांची यादी एका एक्सेल शीटमध्ये टाकली. शेजारी एक कॉलम केला: या खेळाडूची कारकिर्दीतली एकूण सिंगल्स विजेतेपदं. (डब्ल्यूटीए टूरवरची, त्याखालच्या स्पर्धा धरल्या नाहीत.)

२००४, निकोल प्रॅट, ऑस्ट्रेलिया: एक. २००५, सानिया मिर्झा: एक. २००६, मारा सांतान्जेलो: एक. २००७, यारोस्लावा श्वेदोवा: एक.

सलग चार वर्षं, चार विजेत्या, आणि चौघींचंही आयुष्यातलं हे एकमेव विजेतेपद! निकोल प्रॅट तेव्हा ३० वर्षांची होती. वर्षानुवर्षं जगभर फिरून खेळलेली बाई, आणि तिच्या नावापुढे जे एक विजेतेपद आहे ते हैदराबादचं. पहिल्या वर्षीच्या तानासुगार्नचं ते पहिलं. म्हणजे आधीच मोठी असलेली विजेती या स्पर्धेला मिळाली ती फक्त शेवटच्या वर्षी, सेरेना.

छोटी स्पर्धा काय करते, याचं उत्तर मला या कॉलममध्ये मिळालं. सेरेनाच्या कपाटात बंगळुरूची ट्रॉफी ७३ मधली एक आहे. पण बाकी चौघींसाठी ही स्पर्धा नसती तर तो रकाना शून्य राहिला असता.

पुण्याचा एक आठवडा

आता माझ्या मामेबहिणीची गोष्ट.

नोव्हेंबर २०१२. डब्ल्यूटीएनं त्याच वर्षी १२५ दर्जाच्या स्पर्धा सुरू केल्या होत्या, टूरच्या एक पायरी खाली. त्यातली एक बालेवाडीला झाली, रॉयल इंडियन ओपन. अंतिम सामन्यात एका बाजूला १८ वर्षांची एलिना स्वितोलिना, दुसऱ्या बाजूला ४२ वर्षांची जपानची किमिको दाते-क्रुम. स्वितोलिना जिंकली. पुढे ती जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. आणि स्पर्धा? त्या एका वर्षानंतर परत झाली नाही.

माझी मामेबहीण तेव्हा १४ वर्षांची होती, बालेवाडीला बॉल गर्ल होती. स्वतः राज्य पातळीवर खेळायची. त्या आठवड्यात तिनं ठरवून टाकलं होतं, की दोन-तीन वर्षांत याच स्पर्धेच्या क्वालिफाइंगला वाइल्ड कार्ड मागायचं. मामीनं कॅलेंडरवर नोव्हेंबरला खूणसुद्धा करून ठेवली होती.

नंतर ती आयटीएफच्या छोट्या स्पर्धा खेळली. मामानं दोन वेळा पीएफमधून पैसे काढले. एकदा परदेशात तीन आठवडे राहून आली आणि एक पॉइंट मिळाला. २० व्या वर्षी थांबली. आता लहान मुलांना शिकवते, छान शिकवते.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, ती स्पर्धा चालू राहिली असती तर तू कुठपर्यंत गेली असतीस? ती हसली. म्हणाली, "अरे दादा, कदाचित पहिल्याच फेरीत ६-१, ६-१ हरले असते. पण हरले तर असते! कळलं असतं ना, मी किती पाण्यात आहे ते. आणि पुढच्या वर्षी परत गेले असते."

मला एकदम २००३ ची सानिया आठवली. पहिल्या फेरीत हरलेली.

आत्ता काय आहे?

निराश करून सोडत नाही. मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर २०१७ आणि २०१८ ला १२५ दर्जाची स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी जिंकली होती आर्यना साबालेंका, हो, तीच! मग मोठा खंड, आणि २०२४ पासून स्पर्धा परत सुरू झाली. २०२५ मध्ये कोइम्बतूरची १५ वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून आली आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. पंधराव्या वर्षी, मुंबईत, भारतीय प्रेक्षकांसमोर. टूर दर्जाची स्पर्धा मात्र बंगळुरूनंतर थेट २०२२ मध्ये झाली, चेन्नईला. मध्ये १४ वर्षं गेली. १४ वर्षं म्हणजे एका खेळाडूची जवळजवळ अख्खी कारकीर्द.

त्यामुळे माझी एकच विनंती. पुढच्या वेळी मुंबईत, चेन्नईत किंवा पुण्यात महिलांची टेनिस स्पर्धा असेल, तर अंतिम सामन्याची वाट बघू नका. सोमवार-मंगळवारी जा, पहिल्या फेरीला. गर्दी नसते, खेळाडू दहा फुटांवर दिसतात. ड्रॉमध्ये नावापुढे डब्ल्यूसी लिहिलेली एखादी भारतीय मुलगी असेल, तिची मॅच बघा. ती हरली तरी टाळ्या वाजवा. आणि पुढच्या वर्षी परत जा, म्हणजे आयोजकांनाही परत यावंसं वाटेल.

मी जाणार आहे. मामेबहीण तिच्या क्लासमधल्या बारा मुलींना घेऊन येणार आहे. कोणाला यायचं असेल तर कळवा, डबे वाढवून आणू.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या, आणि हेडफोनचा आवाज जरा कमी ठेवा!